‘तारीख उलटली तरी थांबा, बाळ आपल्या वेळेला येईल’: या मेसेजला उत्तर

बाळंतपणाची तारीख उलटली की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. तारीख हा नुसता अंदाज असतो. फळ पिकलं की आपोआप गळतं, तसं बाळ आपल्या वेळेला येतं. थांबल्याने काही होत नाही. कळा आणायचं औषध घेतलं की सिझर ठरलेलंच. त्यापेक्षा एरंडेल घ्या आणि वाट बघा. आधीच घाबरलेली बाई हे वाचते आणि डॉक्टरांनी दिलेला दिवस टाळते. म्हणून एकेक मुद्दा बघू.

तारीख अंदाजाची असते, हे खरं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून ती काढतात आणि नेमकी त्याच दिवशी बाळंत होणारी बाई विरळाच. पण पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली असेल, तर हिशेब आठवड्यापेक्षा फारसा चुकत नाही. तो पहिला रिपोर्ट जपून ठेवा. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून तारीख पुढे ढकलणं चूक आहे. शिवाय चाळीस आठवडे भरले की लगेच दाखल व्हा, असा नियम नाही. कळा आणण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ४१ आठवडे पूर्ण झाल्यावरची आहे.

आता ‘सिझर ठरलेलंच’. ही भीती पोकळ नाही. जेल लावलं, सलाईन चढवलं, दिवसभर कळा सोसल्या आणि शेवटी सिझर झालं, अशी एखादी तरी बाई प्रत्येकाच्या नात्यात असते. पण आपण तिची तुलना आपसूक कळा आलेल्या बाईशी करतो, आणि आपसूक कळा येणं कुणाच्या हातात नसतं. हातात दोनच गोष्टी असतात: आज कळा सुरू करणं किंवा थांबणं. थांबलेल्यांतल्याही काहींचं सिझर होतंच. अशी बरोबरीची तुलना अमेरिकेत झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत पहिलटकरणी सहा हजारांवर होत्या. ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझरचं प्रमाण १८.६ टक्के होतं, थांबलेल्यांत २२.२ टक्के.

आपल्याकडचा राग मला समजतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: गर्भपिशवीचं तोंड बंद असेल तर जेल, गोळ्या किंवा फुग्याने ते मऊ व्हायला दिवस-दीड दिवस लागू शकतो, तेवढा वेळ तुम्ही देणार का? आधीचं सिझर असेल तर प्रश्नच वेगळा, कारण काही औषधांनी जुनी शिवण उसवण्याचा धोका असतो.

‘थांबल्याने काही होत नाही’ हे या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य आहे. दिवस फार उलटले की बाळाला पोसणारी वार पूर्वीसारखी काम करेनाशी होऊ शकते, बाळाभोवतीचं पाणी कमी होतं, बाळ पोटातच शी करण्याची शक्यता वाढते. स्वीडनमध्ये २,७६० बायकांच्या चाचणीत निम्म्यांना ४१ आठवड्यांना कळा आणल्या, बाकीच्या ४२ पर्यंत थांबल्या. थांबलेल्यांची सहा बाळं दगावली, त्यांतली पाच पोटातच. दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. सिझरचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. बहुतेक बाळं थांबूनही सुखरूप येतात, हे मीही मान्य करते. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर एक मृत्यू टळायला सुमारे ५४४ बायकांना कळा आणाव्या लागतात. ही जोखीम घ्यायची का, हे त्या बाईने आकडा माहीत असताना ठरवावं.

एरंडेलाने जुलाब आणि उलट्या होतात, अंगातलं पाणी जातं. कळा येतील याची खात्री नाही. त्याहून वाईट म्हणजे घरी कुणाकडून तरी कळांचं इंजेक्शन टोचून घेणं. कळा अनावर झाल्या तर बाळाला प्राणवायू कमी पडतो, गर्भपिशवी फाटू शकते.

थांबायचं ठरवलंच असेल तर ४१ आठवड्यांनंतर डॉक्टर सांगतील तेव्हा बाळाचे ठोके आणि पाणी तपासून घ्या. आणि हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.