कातळावर नावं लिहिणाऱ्यांनो

हिवाळ्यात पहाटे चारला परतवाड्याहून निघायचं, घाट चढून चिखलदऱ्याला पोचायचं, आखडलेल्या बोटांनी ट्रायपॉड लावायचा. कशासाठी? गाविलगडाच्या तटावरच्या पहिल्या कोवळ्या उन्हासाठी. ते दहा मिनिटंही टिकत नाही. आणि ऊन आलं की लेन्समधून दिसतं काय? पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं कोणाचं तरी नाव, बदाम अन् बाण!

काहून, राजेहो? १८०३च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफा झेललेला गड आहे तो.

आमच्या गावामागच्या कातळाचीही तीच गत. मी त्याच्यावरच चढायला शिकलो. बेसाल्टचं अंग खरखरीत, बोटाचं पहिलं पेर टेकलं तरी आधार मिळतो. रंगाचा थर बसला की ती खरखर बुजते, संपली पकड. परवा कोणाच्या तरी नावातल्या ‘र’वरून पाय सटकला, गुडघा सोलून निघाला. दर दिवाळीनंतर नवी नावं!

पुसू म्हटलं तर थिनरनं रंग आणखी पसरतो. तारेच्या ब्रशनं घासावं, तर रंगासोबत दगडफूलही खरवडून निघतं, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढणारं.