मेरी भाई आती है

शारजाहून दुबईला येताना गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. टॅक्सीवाला पेशावरजवळच्या चारसद्द्याचा पठाण. “मेरी भाई आती है कल पेशावरसे,” तो म्हणाला. “मेरे को लगा, बहन आती है,” मी म्हटलं. दोघंही हसलो. त्याची उर्दू पश्तोतून आलेली, माझी हिंदी दादरहून.

हातातल्या मोबाइलवर शाळेतल्या मित्रांचा ग्रुप पेटलेला. पहिलीपासून हिंदीचे दोन्ही शासन निर्णय सरकारने २९ जून २०२५ ला मागे घेतले, तरी धग आहेच. त्यातही सगळ्यात चढा आवाज आम्हा परदेशातल्यांचा. तिकडे कुणी एखाद्या दुकानदाराला दमात घेऊन मराठी बोलायला लावलं की इकडून टाळ्या. मीही वाजवल्यात.

चारसद्दा म्हटल्यावर मी उत्मानझईचं नाव काढलं. “बाचा खान का गाँव!” आरशातून त्याने मला नीट पाहून घेतलं.

बाचा खान म्हणजे खान अब्दुल गफार खान. आपल्याकडे ते सरहद्द गांधी, जणू गांधींची झेरॉक्स. १९३४ साली तुरुंगातून सुटल्यावर सरहद्द प्रांतात जायला बंदी होती, म्हणून ते वर्ध्याला राहिले आणि मुंबईतल्या एका भाषणापायी डिसेंबरात वर्ध्यातच पकडले गेले, हेही कुणाला आठवत नाही. मला मात्र त्यांचे त्याआधीचे उद्योग जास्त भावतात. विशीत असताना, १९१० मध्ये, त्यांनी उत्मानझईत शाळा काढली. इंग्रजांना असल्या शाळा खुपत होत्याच, पण मुल्लांचाही विरोध: मदरशात, म्हणजे असल्या शाळेत, शिकणारा नरकात जाईल, अशी कवनं लोकांच्या तोंडी होती. १९२८ मध्ये त्यांनी ‘पख्तून’ मासिक सुरू केलं, तेही पश्तोत. आपलेच लोक आपल्या भाषेला किंमत देत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या सूडात गुंततात, असं ते पठाणांना तोंडावर सुनावत. इंग्रजांना शिव्या घालणं त्यापेक्षा सोपं होतं.

नावाचा, पाटीचा आग्रह फालतू म्हणणाऱ्यांतला मी नाही. पख्तुनांची, म्हणजे पठाणांची, ओळख मागितली म्हणून पाकिस्तानने बाचा खानांना १९४८ पासून पुन्हा तुरुंग दाखवला. १९८८ मध्ये ते गेले आणि त्यांच्याच इच्छेनुसार अफगाणिस्तानात, जलालाबादला दफन झाले. सरहद्द प्रांताच्या नावात ‘पख्तुनख्वा’ यायला २०१० उजाडलं.

“बच्चे पश्तो पढते हैं?” मी विचारलं.

“इंग्लिश मीडियम. पश्तो तो घरमें है ना.”

माझी मुलगी इथल्या शाळेत फ्रेंच शिकते. शनिवारच्या मराठी वर्गाची फी आम्ही भरतो आणि निम्मे शनिवार मॉलमध्ये घालवतो. ग्रुपवर कुणीतरी विचारत होतं, आज तू गप्प कसा? मी वर्गाच्या बाईंना मेसेज टाकला, या शनिवारी नक्की येतो.

“पुस्तक आणा,” त्यांचं उत्तर आलं.

ते कुठल्या कपाटात आहे, घरी विचारावं लागणार.