मीटिंगा बंद करून क्लब चालवायचा म्हणे

आमच्या क्लबात, म्हणजे रोटरी-लायन्ससारख्या समाजसेवेच्या क्लबात, सध्या एक प्रस्ताव फिरतोय. दर आठवड्याची मीटिंग बंद करायची, महिन्यातून दोनदा झूमवर भेटायचं, बाकी सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि हॉलचं भाडं नि जेवणाचे वाचलेले पैसे प्रोजेक्टला टाकायचे. तरुण मेंबर जोरात आहेत. क्लबचं नाव लिहीत नाही, नाशिकमध्ये एवढे क्लब आहेत की ज्याला त्याला आपलाच वाटेल. मी विरोधात मत देणार आहे आणि का ते जरा सविस्तर लिहितो, ग्रुपवर लिहिलं की तासाभरात कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकखाली गाडलं जातं.

आधी हे कबूल की त्या पोरांचा वैताग खरा आहे. आमची मीटिंग बघितलीय का कधी? साडेसातची वेळ, आठला घंटा. मग ह्या आठवड्याचे वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, टाळ्या. मग वक्त्याचा परिचय, तो वाचणारा माणूस वक्त्याच्या दहावीच्या मार्कांपासून सुरू करतो. वक्ता बोलायला उभा राहतो तेव्हा निम्म्या लोकांची नजर मागच्या काउंटरवर, कॅटररने झाकणं उघडलीत का बघायला. मग शाल, श्रीफळ, मोमेंटो, फोटो, परत एक फोटो कारण माजी अध्यक्ष राहिले, आणि आभार मानणारा पार माईकवाल्यापर्यंत जातो. जुलैत पदग्रहण असलं की विचारूच नका, स्टेजवरची माणसं समोरच्यांपेक्षा जास्त. हे सगळं उद्या बंद करा, पहिली टाळी माझी.

पण भेटणंच बंद? तिथे माझं अडतं. कारण हे क्लब भेटण्यासाठीच निघाले, सेवा नंतर आली. आपल्याकडे उलटं समजतात, की समाजसेवा करायला क्लब काढला आणि मग हे लोक जेवायला लागले. तसं नाहीये. 23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील आणि शीली नावाचा कोळशाचा व्यापारी आधी एका इटालियन हॉटेलात जेवले, मग लोर नावाच्या मायनिंग इंजिनियरच्या ऑफिसात गेले, तिथे शोरे नावाचा शिंपी आला. झाली रोटरी. म्हणजे जेवण पहिल्या मीटिंगच्याही आधीचं आहे, हे आमच्या फेलोशिप कमिटीला, म्हणजे मेंबरांच्या गाठीभेटी बघणाऱ्यांना, सांगायला हवं. हॅरिस लहानपणी व्हरमाँटमधल्या छोट्या गावात वाढलेला, शिकागोत ओळखीचं कुत्रं नाही, म्हणून त्याला चार भरवशाची माणसं हवी होती. मीटिंग आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात फिरायची म्हणून रोटरी. आणि एकमेकांना धंदा द्यायचा हे उघड ठरलेलं, कोणी कोणाला किती काम दिलं ह्याची नोंद ठेवायला माणूस नेमलेला! थोडक्यात व्यापाऱ्यांची भिशीच, फक्त पैशांऐवजी गिऱ्हाईकं.

लायन्सचंही तेच. मेल्विन जोन्स विमा एजंट, तोही शिकागोचाच, बिझनेस सर्कल नावाच्या जेवणाच्या क्लबात होता, त्यानेच विचारलं की नुसता धंदा किती दिवस करायचा, आणि 1917 ला लायन्स उभं राहिलं. आज आपण ज्याला सरसकट लायन्सचा डोळ्यांचा कॅम्प म्हणतो त्याचं मूळ 1925 चं, त्या वर्षी हेलन केलर ही अंध आणि बहिरी लेखिका त्यांच्या अधिवेशनात जाऊन आंधळ्यांसाठी काम करा म्हणून सांगून आली. क्लब आधीच आठ वर्षांचा होता.

रोटरीत सेवा कशी शिरली तो किस्सा मला फार आवडतो. 1906 ला डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलाला मेंबर व्हा म्हणून आग्रह झाला, तो म्हणाला नुसतं आपापसात भलं करणाऱ्या क्लबात मला रस नाही, शहरासाठी काही करणार असाल तर बघू. आणि पुढच्या वर्षी ह्या लोकांनी पहिलं काम कुठलं घेतलं? सार्वजनिक संडास. शिकागोच्या सिटी हॉलजवळ. त्याला विरोध कोणी केला तर दारूवाल्यांनी आणि मोठ्या दुकानवाल्यांनी, पुरुषांची सोय आमच्या गुत्त्यात आहे आणि बायकांची आमच्या दुकानात, वेगळं कशाला! म्हणजे लघवी करायची तर आधी बियर घ्या. दोन वर्षं भांडून शेवटी ते बांधून घेतलंच. आता मेन रोडला सणाच्या खरेदीला आलेल्या कुठल्याही बाईला विचारा की हा प्रश्न नाशिकमध्ये सुटलाय का. आमच्या क्लबच्या प्रोजेक्टच्या यादीत हा विषय मी तरी पाहिला नाही, झाडं मात्र दर पावसाळ्यात असतात. संडासासमोर फोटो चांगला येत नाही, दुसरं काय.

आता मीटिंगचा उपयोग काय ते सांगतो. पेठ तालुक्यातल्या एका पाड्याचं पाण्याचं काम आलं होतं. विहीर खाली ओहोळाकडे, पाडा वर टेकाडावर, बाया डोक्यावर हंडे घेऊन चढतात. ग्रुपवर प्रस्ताव टाकला, मोटर नि पाइप द्यायचे. शंभरेक अंगठे आणि जोडलेले हात आले, एक प्रश्न नाही. मग मंगळवारी मीटिंगनंतर साबुदाणा वड्याच्या प्लेटा हातात घेऊन आम्ही पाचसहा जण उभे, विषय निघाला, तर इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर म्हणाला अरे तिकडे मोटरला लागणारी थ्री फेज वीज येते रात्रीची, दोन वाजता मोटर चालू करायला कोण उतरणार? द्राक्षवाले पाटील म्हणाले सोलर टाका, माझ्या शेततळ्यावर आहे, दिवसा टाकी भरेल. डॉक्टरने विचारलं टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, कोण टाकणार, आणि नळाखाली चिखल झाला की गुरं तिथेच येऊन बसतील, ओटा बांधून द्या. सीए म्हणाला गावाच्या पाणी समितीच्या नावाने खातं उघडा, घरामागे थोडे थोडे जमा करू द्या, नाहीतर पहिला बिघाड झाला की कायमचं बंद. वडा संपेपर्यंत अख्खं प्रोजेक्ट बदललं. हे झूमवर झालं असतं? तिथे एक बोलतो आणि बाकीचे म्यूट करून टीव्ही बघतात, मी पण.

आणि हे जमलं कारण ते सगळे वेगळ्या धंद्यातले होते. रोटरीचा जुना नियमच होता, एका व्यवसायाचा एकच मेंबर. तो सैल झाला आणि आता आमच्याकडे बिल्डर एवढे झालेत की वेगळी साइट मीटिंग घेता येईल. लासलगाव इतकं जवळ, आणि क्लबात कांद्याचा शेतकरी एकही नाही! द्राक्षवाले तेवढे दोन. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं छोटं प्रेस शॉप (पत्र्याचे भाग ठोकायचं वर्कशॉप) आहे, माझ्यासारखे वर्कशॉपवालेही हळूहळू गळाले, फी परवडत नाही म्हणून. मेंबरशिप कमिटीने त्यावर डोकं लावावं.

हजेरीचं पण बोलू. पूर्वी रोटरीत लागोपाठ चार मीटिंगा बुडवल्या की मेंबरशिप जायची, नाहीतर दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन मेक-अप करून, म्हणजे बुडालेली हजेरी भरून यायचं. फार कडक होतं ते, 2016 ला क्लबांना बरीच मोकळीक मिळाली, बरंच झालं. माझ्या धाकट्या मेंबर मैत्रिणी म्हणतात रात्री साडेआठनंतर घर, पोरं कोण बघणार, त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. अमेरिकेत बायकांना मेंबर करून घेतलं म्हणून एका क्लबला रोटरीनेच बाहेर काढलं होतं, 1987 ला सुप्रीम कोर्टाने कान धरल्यावर दार उघडलं. आता दार उघडं आहे तर वेळही त्यांना जमेल अशी ठेवा ना, सकाळी साडेसातला घ्या, तासात संपवा.

म्हणून माझा उलट प्रस्ताव: मीटिंग दर आठवड्याला, सकाळी, मिसळ आणि चहा, बुफे बंद. सत्कार तीन महिन्यांतून एकदा, सगळ्यांचे एकदम. परिचय चार ओळी. आणि दर मीटिंगला एका जुन्या प्रोजेक्टचा रिपोर्ट, दिलेलं मशीन चालू आहे का, झाडं जगली का, जाऊन बघून आलेल्यानेच सांगायचा. मिसळ कुठली ह्यावर भांडण होणार हे माहिती आहे, ते परवडेल.

मतदान पुढच्या मंगळवारी आहे, आणि ते हॉलवर येऊनच करायचंय. झूमवाल्यांनी पण यावं.