मागे पोलीस, पुढे आप्पा

खान्देशातल्या तमाम होतकरू बाईकवीरांनो, तुमच्यासाठी मार्गदर्शनपर असं आजवर कोणी काही लिहिलं नाही, ही मोठीच उणीव होती. केळीवर करपा आला तर शेतकऱ्याला काय फवारायचं ते सांगणारे दहा जण भेटतात. दहावीच्या पोरांना गाईड मिळतं. तुम्हाला मात्र सगळं रील बघून शिकावं लागतं. म्हणून मीच बसलो लिहायला. वय झालंय, माझी गाडी चाळीसच्या वर जात नाही, पण निरीक्षण दांडगं आहे. शिवाय परवाच एका प्रात्यक्षिकाला अगदी पुढच्या रांगेत हजर होतो. ते पुढे येईलच.

सुरुवात नंबर प्लेटपासून. एप्रिल २०१९ नंतरची गाडी असेल तर शोरूमवाल्यानं ती सरकारी हाय सिक्युरिटी प्लेट ठोकून दिली असेल. ती आधी काढा. इतका स्वच्छ, सगळ्यांना वाचता येईल असा नंबर लावून फिरायला तुम्ही काय एसटी आहात? नंबर ४१४१ असेल तर असा रंगवा की 'दादा' दिसेल, २१४ असेल तर 'राम' दिसेल. दोन्ही नसेल तर नंबर कशाला, सरळ एखादा वाघ काढून घ्या. एमएच १९ लिहायची गरज काय, जळगाव जिल्ह्यात सगळेच एकमेकांना ओळखतात. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.)

हेल्मेट उन्हाळ्यात नको, डोकं शिजतं; हिवाळ्यात नको, केस बसतात; आणि डोक्याला गुंडाळायला बारमाही बागायती रुमाल आहेच.

ट्रिपल सीट ही किमान संख्या समजावी.

सायलेन्सरचं मात्र नीट ऐका. कंपनीनं दिलेला सायलेन्सर म्हणजे भित्र्या माणसाची खूण. तो बदला आणि फटाके फुटतील असा बसवा. वेळ रात्री अकरानंतरची, जागा दवाखान्याची किंवा अभ्यासिकेसमोरची. वर्षातून एकदा पोलीस असे सायलेन्सर जमा करून रस्त्यावर ओळीनं मांडतात, त्यावरून रोड रोलर फिरवतात आणि मागे उभे राहून फोटो काढतात. घाबरू नका. ज्या दुकानातून तो घेतला ते दुकान तिथंच असतं. रोलर त्या गल्लीत वळत नाही, गल्ली अरुंद आहे.

हायवेवर गेलात की केळीचा ट्रक डावीकडून काढायचा. कापूस भरलेली ट्रॉली मागच्या लाईटविना अंधारात चालली असेल तर तिचा अंदाज वासावरून घ्यायचा.

आता मुख्य धडा. पोलिसांनी हात दाखवला तर काय करायचं?

पळायचं. यात विचार कसला? कायद्यात हेल्मेट नसल्याचा दंड हजार रुपये, ट्रिपल सीटचा आणखी हजार. एवढी रक्कम वाचवायची तर एखादा जीव गेला तरी परवडतं, फक्त तो तुमचा नसावा. म्हणून पळताना नेहमी गर्दीकडे पळा. मोकळ्या रस्त्यावर पोलीस गाठतात. बाजारात माणसं मध्ये येतात.

पोलीस बांधवांनाही या धड्यात भूमिका आहे, त्यांना वगळणं बरं दिसणार नाही. साहेब, आपण चौकात सगळ्यांना दिसेल असे उभे राहू नका. वळणावर रसवंतीच्या आड थांबा. गाडी अगदी जवळ आली की एकदम काठी आडवी घालून रस्त्यात उडी मारा. पोरगं बिचकून हँडल कुठे वळवतं ते त्याचं नशीब. निसटलं तर मग आपण गाडीवर टांग टाका आणि निघा मागे. आपणही हेल्मेट घालू नका, पाठलागात वेळ जातो.

आता ते प्रात्यक्षिक.

परवा संध्याकाळी बाजारात होतो. धरणगावकडची एक म्हातारी रस्त्याच्या कडेला पोतं पसरून बसते, भरताची वांगी घेऊन. पांढरट हिरवी, हातात घेतली तर आकाराच्या मानानं हलकी लागणारी. मी उकिडवा बसून निवडत होतो. आमच्या गल्लीतले आप्पा, पोस्टातून रिटायर झालेले, सत्तरी ओलांडलेले, सायकल हातात धरून पायी चालले होते. हँडलला दुधाची किटली. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय भो, आज भरीत का?" मी मान वर केली, तेवढ्यात ती गाडी आली.

उलट्या दिशेनं आली. तिघं होते, सगळ्यात मागचा हात उंच करून मोबाईल धरून होता, म्हणजे शूटिंग चालू. त्यांच्या मागे पोलिसांची गाडी. पोरांनी आमच्या बाजूला घेतली, चाक पोत्यावर चढलं, वांगी फुटून पांढरा गर डांबरावर पसरला, आणि हँडलचं टोक आप्पांना लागलं. आप्पा सायकलसकट पडले. किटलीचं झाकण गरगरत पार समोरच्या मेडिकलच्या पायरीपर्यंत गेलं. पोरं थांबली नाहीत.

आणि पोलिसांची गाडीही थांबली नाही.

हे मी शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. एक म्हातारा माणूस रस्त्यावर पडलाय, पाय भलत्याच बाजूला वळलाय, दूध आणि वांग्याचा गर एकात एक झालाय, आणि त्याला वळसा घालून तुम्ही पुढे गेलात! कशासाठी? डोक्यावर टोपडं नाही म्हणून? समोरच्या गाडीत काय बॉम्ब होता? खून करून निघाले होते का ते? म्हातारी उभी राहून ओरडली, "ए भामट्या, तुना बापनी सडक शे का रे?" आता हे तिनं पहिल्या गाडीला म्हटलं की दुसऱ्या, ते मी तिला विचारलं नाही. दोघांनाही लागू होतं.

रिक्षात घालून आप्पांना दवाखान्यात नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं. तिथं मला दोन तास बसवून घेतलं, नाव, गाव, काम, आणि वर "नक्की तुमच्याच गाडीनं नाही ना लागलं?" माझी गाडी घरी होती. मी वांगी घ्यायला पायी गेलो होतो. जखमीला आणणाऱ्याला असं अडकवून ठेवायचं नाही, त्याच्यावर नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही, म्हणून २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम मुद्दाम घातलंय. मी ते सांगितलं. समोरच्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच कलम झालो.

असो. धडा चालू ठेवू.

त्या गाडीला नंबर होता का? नव्हता, वाघ होता. मग आरोपी सापडले कसे? दुसऱ्या दिवशी सकाळी, घरी, पोहे खाताना. मेडिकलवाल्याच्या कॅमेऱ्यात तिन्ही चेहरे लख्ख आले होते आणि तो वाघ गावात एकाच गाडीवर आहे. पोरगा कुणाचा, राहतो कुठं, कोणत्या क्लासला जातो, सगळं बाजारातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. म्हणजे पाठलाग केला नसता तरी सापडला असता. पाठलाग केला म्हणून तो आदल्या दिवशी सापडला का? तोही नाही. पाठलागातून निष्पन्न काय झालं, तर आप्पांच्या मांडीत सळई.

कायद्यात याची सोय नाही असंही नाही. कलम १३३ वाचा. गाडी कोण चालवत होतं हे सांगणं मालकावर बंधनकारक आहे. नोटीस पाठवा, मालकाला बोलवा, विचारा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड नावाचं राज्य आहे, तिथं तर नुसत्या वाहतुकीच्या गुन्ह्यासाठी पोलिसांनी गाडीमागे धावायचंच नाही असा नियम आहे. गाडी पळाली तर मालकाच्या दारात नोटीस येते. किती नीरस देश. पोलिसांच्या आयुष्यात काही थरार म्हणून नाही.

क्लासवरून आठवलं. आपला हा चालक अकरावी सायन्सला आहे. म्हणजे गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, वेग दुप्पट तर धडकेचा जोर चौपट, हे त्यानं वहीत दोनदा सोडवलेलं असणार. साठच्या वेगात गाडी सेकंदाला सतरा मीटर जाते. समोर माणूस दिसला, मेंदूला कळलं, हात ब्रेकवर गेला, यात एक सेकंद सहज जातो, तोवर सतरा मीटर गेले आणि ब्रेक तर अजून लागायचाच आहे. आप्पा त्याच्यापासून सतरा मीटरवर नव्हते. पण ही गणितं पेपरात आली तरच सोडवायची असतात.

अभ्यासाची आवड असेल तर गुणवत्ता यादीही बघून घ्या, केंद्र सरकार दरवर्षी छापतं. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात दुचाकीवरची ७४,८९७. कोणत्याच दुसऱ्या गाडीला हा आकडा गाठता आलेला नाही, पहिला नंबर आपलाच. हेल्मेट घातलं नव्हतं अशी ५०,०२९. बागायती रुमाल किती जणांनी बांधले होते, ते यादीत दिलेलं नाही.

आता पालकांसाठी थोडकं.

पोरगं दहावी पास झालं की गाडी द्या. त्याला सोळा पुरी व्हायची असतील तर फारच छान. कुणी टोकलं तर म्हणा, "क्लास लांब आहे हो." क्लास गल्लीच्या टोकाला असतो, पण ते त्याला कुठे माहीत आहे. कलम १९९अ म्हणतं की अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. तुम्ही ऐकलंय का कुणी आत गेलेला? मी नाही. कारण मध्ये भाऊंचा फोन असतो.

या फोनवर तर स्वतंत्र लेख होईल. भाऊ कोण ते सांगायला नको, प्रत्येक गावाला एक असतात, मोठ्या गावाला चार. फोन जातो, "आपलंच लेकरू आहे, बघा जरा." मग बघितलं जातं. आप्पांचं ऑपरेशन व्हायच्या आधी ती गाडी सुटून घरी आली. वाघासकट! बाप दवाखान्यात आला, चप्पल दाराबाहेर काढून, हात जोडून, आणि आप्पांच्या मुलाला म्हणाला, "लेकरू घाबरलंय हो फार, रात्री जेवलं नाही."

जेवलं नाही!

अहो, आप्पांना उठून संडासला जाता येत नाही. त्यांची सून नोकरी सोडून घरी बसलीय. त्या म्हातारीची वांगी गेली, तिला कुणी दहा रुपये दिले नाहीत, दुसऱ्या दिवशी ती परत त्याच जागी पोतं टाकून बसली होती, कारण तिला दुसरी जागा नाही. आणि तुमचं लेकरू जेवलं नाही. मग भरवा त्याला.

बस झालं. आता सल्ला वगैरे काही नाही, सरळ सांगतो.

पोरा, तू धाडसी नाहीस. हजार रुपयांच्या पावतीला घाबरून पळालेला माणूस धाडसी नसतो. धाडस असतं तर थांबला असतास, गाडी बाजूला लावली असतीस, शिव्या खाल्ल्या असत्यास, पावती घेतली असतीस. पळालास, आणि म्हातारा पडलेला दिसूनही पळत राहिलास. त्या रीलवर तुझ्या मित्रांनी आगीचे फोटो टाकलेत, तेही बघितलंय मी. शरम वाटू दे जरा.

साहेब, तुमचं काम अवघड आहे हे मलाही कळतं. चोवीस-चोवीस तास उभं राहायचं, वर ताप पंचेचाळीस डिग्रीचा, वरून फोन. पण भरल्या बाजारात गाडी मागे घालायची नसते हे सांगायला क्वीन्सलंडचा माणूस यायला हवा का? समोरचा जिवावर उदार झालाय आणि मध्ये लोक आहेत, तर थांबा. नंबर घ्या, वाघ घ्या, काय दिसेल ते घ्या, आणि घरी जा त्याच्या. आणि माणूस पडला तर आधी त्याला उचला हो. बाकी सगळं नंतर.

भाऊ, तुम्ही फोन ठेवा. एकदा, फक्त एकदा, "मी यात पडत नाही" असं म्हणून बघा. मतं जाणार नाहीत. आप्पांच्या घरातही पाच मतं आहेत.

आणि तुम्ही, चप्पल काढून हात जोडणारे. गाडी तुम्ही घेतलीत, हप्ते तुम्ही भरता, पेट्रोलचे पैसे तुम्ही देता, आणि रोज सकाळी किल्ली खुंटीवरून तुमच्या डोळ्यांदेखत निघते. ती खुंटी तुमच्या घरात आहे, पोलीस स्टेशनात नाही. आधी आप्पांचं दवाखान्याचं बिल भरा, मग म्हातारीच्या वांग्यांचे पैसे द्या, आणि किल्ली तुमच्या खिशात ठेवा. पोरगं रुसेल, आदळआपट करेल, दोन दिवस जेवणार नाही. न जेवता राहायची त्याला आता सवय झालेलीच आहे.