अकरा वर्षांच्या राजपुत्राचा हिशेब कुठे चुकतो

डिस्नीच्या १९९१ सालच्या ‘ब्युटी अँड द बीस्ट’ या अ‍ॅनिमेशनपटाविषयी एक दावा गेली अनेक वर्षे हातोहात फिरतो आहे. सुरुवातीला निवेदक सांगतो की मंतरलेला गुलाब राजपुत्राच्या एकविसाव्या वर्षापर्यंत फुललेला राहील. पुढे मेजवानीच्या गाण्यात, शापामुळे शमादान होऊन बसलेला लूमिएर म्हणतो की आम्ही दहा वर्षे गंजत पडलो आहोत. एकविसातून दहा गेले, उरले अकरा. म्हणजे मायाविनीने अकरा वर्षांच्या पोराला, रात्री दारात आलेल्या अनोळखी बाईला घरात घेतले नाही एवढ्याच अपराधासाठी, जनावर करून टाकले. या हिशेबाला आणखी काही आक्षेप जोडले जातात: राजपुत्राचे तरुण वयातले चित्र किल्ल्यात कसे, शापाने कप झालेला चिप दहा वर्षांनंतरही लहान मूलच कसा, नायिका बेल हिचे किल्ल्यातले दिवस आणि तिच्या वडिलांचे दिवस जुळत कसे नाहीत, आणि गावाला आख्ख्या किल्ल्याचा विसर कसा पडला. यावरून निष्कर्ष काढला जातो की चित्रपट करणाऱ्यांना काळाचे भानच नव्हते.

हा निष्कर्ष मला अन्यायाचा वाटतो. त्यासाठी मी चित्रपट पुन्हा दोनदा थांबवून थांबवून पाहिला. चित्रपट स्वतः दोन गोष्टी ठामपणे सांगतो आणि त्या दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, तेव्हाच तिला कंटिन्युइटीची चूक म्हणता येते. एखादी गोष्ट पडद्यावर दाखवली नाही, किंवा दाखवलेली आपल्याला पटली नाही, तर ती वेगळी तक्रार झाली, आणि तिचे उत्तरही वेगळे असते.

आधी अकराचा हिशेब घेऊ, कारण बाकीचे आक्षेप बहुतेक त्याच्याच खांद्यावर उभे आहेत. निवेदकाचे शब्द ‘एकविसाव्या वर्षापर्यंत’ असे आहेत. वय सांगताना ‘लागले’ आणि ‘सरले’ यांत फरक असतो हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही; एकविसावे लागले म्हणजे वीस पूर्ण झाली. तेव्हा शब्दाला शब्द धरून चालायचे तर वजाबाकीचे उत्तर दहाही येऊ शकते. यामुळे राजपुत्राची बाजू बळकट होत नाही, उलट पोर आणखी लहान ठरते, हे मी मान्य करतो. पण ज्या हिशेबाच्या नेमकेपणावर सगळा आरोप रचला आहे, तो हिशेब मांडणाऱ्यांनी पहिलाच आकडा नीट वाचलेला नाही, हे यातून दिसते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढच्याच वाक्यात आहे. गुलाब अमुक वर्षापर्यंत फुललेला राहील, हे एक विधान. शेवटची पाकळी गळण्याआधी राजपुत्राने कोणावर प्रेम केले आणि तिचे प्रेम मिळवले तर शाप सुटेल, हे दुसरे. फुललेले राहण्याची मुदत आणि शेवटची पाकळी गळण्याची वेळ एकच आहे, असे निवेदक कुठेही म्हणत नाही. बेल पश्चिमेच्या दालनात काचेच्या घुमटाखाली तो गुलाब पाहते तेव्हा तो कोमेजू लागलेला असतो आणि काही पाकळ्या खाली पडलेल्या असतात. फुललेले असण्याचा काळ संपून गळतीचा काळ चालू आहे, असे हे दृश्य सरळ वाचता येते. तसे वाचले तर बेल येते तेव्हा राजपुत्र एकवीस ओलांडून पुढे गेलेला असू शकतो, आणि मग वजाबाकी एकविसातून करण्याचे कारणच उरत नाही. हे एकमेव वाचन आहे असा माझा आग्रह नाही. मात्र जे वाचन शब्दांत बसते आणि विरोध मिटवते, ते बाजूला सारून विरोध निर्माण करणारेच वाचन खरे मानायचे असेल, तर त्याला काही आधार दाखवायला हवा, आणि तो मला कुठे दिसला नाही.

आता दुसरा आकडा. ‘दहा वर्षे’ हे शब्द निवेदकाचे नाहीत, संवादातलेही नाहीत. ते गाण्याच्या ओळीत येतात. वेगात चाललेले गाणे एकाएकी संथ होते, आणि ज्याला वाढायला कोणी उरलेले नाही अशा सेवकाची व्यथा लूमिएर सांगू लागतो. मूळ इंग्रजीत तिथे ‘गंजणे’ आणि ‘धूळ झटकणे’ या शब्दांचे यमक आहे आणि त्याआधीच्या ठोक्यावर काळ सांगणारे दोनच छोटे शब्द मावतात. गीतकार हॉवर्ड ॲशमन यांनी तिथे ‘दहा वर्षे’ घातले. बारा गावचे पाणी प्यायलेल्या माणसाला आपण गावांची नावे विचारत नाही, कारण तिथला बारा हा मोजणीचा आकडा नसतो. पुष्कळ काळ लोटला हे सांगणारा गाण्यातला दहा त्याच जातीचा आहे. १९९४ साली हीच कथा ब्रॉडवेच्या रंगमंचावर आली तेव्हा त्या ओळीतल्या ‘दहा वर्षे’च्या जागी ‘फार काळ’ अशा अर्थाचे शब्द आले. ओळीचा अर्थ, यमक आणि व्यथा जिथल्या तिथे राहिली. आकडा त्या ओळीचा आधार असता तर ओळ अशी सहज टिकली नसती.

हे गाणे आधी बेलसाठी नव्हतेच. ते तिचे वडील मॉरिस यांच्या स्वागताचे गाणे म्हणून रचले गेले होते. गोष्ट बेलची आहे, तर एवढे मोठे स्वागत तिचेच व्हायला हवे, हे नंतर ध्यानात आले आणि काम बदलून घेतले गेले. कोणते गाणे कोणासाठी आणि कथेत कुठे, याचा इतका काथ्याकूट करणाऱ्या माणसांना कथेतल्या काळाचे भान नव्हते असे म्हणणे मला जड जाते. ॲशमन १४ मार्च १९९१ रोजी गेले. चित्रपट पूर्ण होऊन लोकांसमोर आला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, आणि तो त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे.

चित्राचा आक्षेप मात्र वजनदार आहे. पश्चिमेच्या दालनात, मोडलेल्या सामानाच्या पसाऱ्यात, भिंतीवर एक तैलचित्र आहे. त्यावर नख्यांचे ओरखडे आहेत आणि कापड फाटून लोंबते आहे. बेल जवळ जाते, लोंबणारा तुकडा उचलून वरच्या भागाशी जुळवू पाहते, आणि त्या क्षणी आपल्याला एका तरुणाचा चेहरा आणि निळे डोळे दिसतात. हा चेहरा अकरा वर्षांच्या मुलाचा नाही, हे उघड आहे. राजपुत्राचे वय वाढेल तसे चित्रही जादूने वाढत गेले, असा खुलासा काही चाहते करतात, पण तो मला मान्य नाही. चित्रपटात त्याला कसलाही आधार नाही, आणि पदरच्या जादूने भोके बुजवायची ठरवली तर कोणताही चित्रपट निर्दोष ठरवता येईल.

चित्र हा साक्षीदार आहे, आणि त्याची साक्ष अकराच्या विरुद्ध जाते, एवढेच यातून निघते. जुन्या पोथ्यांचे पाठ तपासताना एखादा शब्द एकाच प्रतीत वेगळा आला आणि बाकीच्या प्रती एकमेकींशी जुळत असल्या, तर संशय त्या एका शब्दावर घेतात, सगळ्या ग्रंथावर घेत नाहीत. इथे रंगीत काचांच्या सुरुवातीच्या चित्रमालिकेतला राजपुत्र लहान मूल दिसत नाही, तैलचित्रातलाही दिसत नाही, आणि निवेदकही त्याला ‘तरुण राजपुत्र’ म्हणतो. हे तिघे एका बाजूला उभे आहेत. दुसऱ्या बाजूला एका गाण्यातले दोन शब्द आहेत, तेही शब्दशः घेतले तरच. म्हणून चूक कुठे आहे असे मला विचारले, तर ती त्या दोन शब्दांत आहे, फार छोटी आहे, आणि राजपुत्राच्या वयाबद्दल ती काहीच सिद्ध करत नाही, असे माझे उत्तर आहे.

चित्रातला चेहरा तरुणाचाच का हवा होता, याचे उत्तर शेवटच्या दृश्यात मिळते. शाप सुटून माणूस झालेला राजपुत्र समोर उभा राहतो तेव्हा बेल आधी बिचकते. ती त्याचे केस हातात घेऊन पाहते, मग डोळ्यांत पाहते, आणि तेव्हा तिला ओळख पटते. तेच निळे डोळे आपण त्या फाटक्या चित्रात पाहिलेले असतात आणि श्वापदाच्या चेहऱ्यातही तेच असतात. चित्रात पोरवयाचा चेहरा असता तर हा धागा जुळला नसता. रेखाटणाऱ्यांनी तो चेहरा विचार करूनच तरुण ठेवला आहे, हे मला स्पष्ट दिसते.

चिपबद्दल थोडक्यात सांगतो. आक्षेप असा की दहा वर्षे लोटली तर चिप मोठा व्हायला हवा होता, किंवा त्याचा जन्म शापानंतर झाला असेल तर कपाच्या रूपात मूल जन्मले कसे. यात शापित माणसांचे वय नेहमीसारखे वाढते असे गृहीत धरले आहे, आणि चित्रपटाने ते कुठेही म्हटलेले नाही. श्वापद हाडामांसाचे आहे. चिप चिनी मातीचा आहे, आणि त्याच्या कडेचा टवका जिथल्या तिथे आहे. एका गाण्याच्या शेवटी त्याची आई मिसेस पॉट्स त्याला म्हणतात की तू मोठा झालास की सांगेन. ही ओळ माझ्याविरुद्ध दाखवली जाईल हे मला माहीत आहे. पण शाप सुटेल या आशेवर जगणारी आई लेकराला याहून वेगळे काय सांगेल?

दिवसांचा आक्षेप मात्र चित्रपट करणाऱ्यांना स्वतःलाच पडलेला होता, आणि ही गोष्ट दावा पसरवणाऱ्यांना ठाऊक असती तर त्यांनी निष्कर्ष इतका बिनधास्त मांडला नसता. ॲशमन आणि संगीतकार ॲलन मेंकन यांनी ‘ह्यूमन अगेन’ नावाचे एक लांबलचक गाणे रचले होते. त्यात किल्ल्यातल्या वस्तू पुन्हा माणूस होण्याची स्वप्ने पाहतात आणि त्या ओघात ऋतूमागून ऋतू जातात. तिथेच अडचण उभी राहिली: किल्ल्यात इतके महिने जात असतील तर बेलला सोडवायला निघालेले मॉरिस एवढा काळ रानात भटकत होते का, आणि बेलशी लग्न करायला टपलेला गॅस्टॉन काय करत होता? दिग्दर्शक गॅरी ट्रूसडेल आणि कर्क वाइज यांनी ते गाणे काढून टाकले आणि त्या जागी कमी काळात बसणारे, बर्फात फुलणारे ‘समथिंग देअर’ आले. म्हणजे काळाचा मेळ बसावा म्हणून या मंडळींनी आख्ख्या गाण्यावर पाणी सोडले.

१९९१च्या मूळ चित्रपटात सगळे एकाच हिवाळ्यात मावते. बेल पळून जाते आणि लांडगे तिला गाठतात तेव्हा बर्फ आहे, श्वापद पाखरांना दाणे घालते तेव्हा बर्फ आहे, आणि बेल वडिलांना घरी आणते तेव्हा गॅस्टॉनने पाळतीवर बसवलेला ल फू अजून बर्फाने झाकलेलाच आहे. नेमके किती दिवस गेले ते सांगितलेले नाही. ते काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत कितीही असू शकतात, आणि त्यात कुठेही विसंगती येत नाही. ल प्रँस द बोमाँ यांनी १७५६ साली लिहिलेल्या फ्रेंच कथेत बेल तीन महिने महालात राहते असे स्पष्ट म्हटले आहे, पण त्या कथेत तिचे वडील रानात हरवलेले नसतात, ते घरी असतात. चित्रपटाने वडिलांना रानात पाठवले, म्हणून मुक्काम आखडता घेणे भाग होते, आणि तो आखडला गेला.

इथे एक सवलत दिली पाहिजे. २००२ सालच्या विशेष आवृत्तीत ‘ह्यूमन अगेन’ नव्याने रेखाटून परत घातले गेले. ज्यांनी तीच आवृत्ती पाहिली आहे त्यांना दिवस लांबल्यासारखे वाटत असतील, तर ते निराधार नाही. ज्या कारणासाठी गाणे काढले होते ते कारण अकरा वर्षांनी नाहीसे झालेले नव्हते. पण हा दोष त्या आवृत्तीचा आहे, आणि मूळ चित्रपटावर तो लादणे योग्य नाही.

जखमी श्वापदाला बेलने एकटीने घोड्यावर कसे चढवले, हा प्रश्न मी फार लांबवत नाही. श्वापद कोसळलेले दिसते, पुढच्या दृश्यात ते फिलिपच्या पाठीवर असते. मधला भाग वगळला आहे, आणि वगळणे ही कथनाची नेहमीची रीत आहे.

राहिला गावाच्या विसराचा प्रश्न. गावकऱ्यांना किल्ला ठाऊक नव्हता, हे विधान चित्रपटात कोण करतो, ते मी शोधत होतो. कोणीच करत नाही. मॉरिस रस्ता चुकतात ते फाट्यावर, पाटी असूनही, घोडा दुसरीकडे ओढत असताना, आणि धुक्याच्या रानात शिरल्यावर लांडग्यांमुळे किल्ल्याच्या फाटकाशी येऊन पडतात. ही वाट कोणी सहज पायाखाली घालणार नाही, एवढे त्यातून कळते. पुढे ते गुत्त्यात धावत येतात आणि बेलला अंधारकोठडीत डांबले आहे असे ओरडून सांगतात, तेव्हा सगळे हसतात ते श्वापदाच्या नावाला: ते किती मोठे, सोंड केवढी, सुळे कसे, असे खोदून खोदून विचारतात. अंधारकोठडी कुठली, किल्ला कुठला, हे एकही जण विचारत नाही. आणि शेवटी गॅस्टॉन जमावाला चेतवतो त्या गाण्यात तो धुके, रान आणि काळोख पार करून किल्ल्याच्या उचलत्या पुलाशी पोचायचे आहे असे सांगतो. बेलच्या जादूच्या आरशात त्याने फक्त श्वापद पाहिलेले असते, पूल नव्हे. तरीही पलिते घेतलेल्या त्या गर्दीतला एकही माणूस त्याला विचारत नाही की कोणता किल्ला.