वॉलबी फक्त ऑस्ट्रेलियात?

वॉलबीवरचा तुमचा लेख छान आहे, पण ‘वॉलबी म्हणजे छोटा कांगारू, फक्त ऑस्ट्रेलियात सापडतो’ या वाक्याला अडखळलो. न्यू गिनीतही वॉलबी मूळचेच आहेत. शिवाय माणसाने नेऊन सोडलेले वेगळेच.

त्यातला टॅमर या जातीच्या वॉलबीचा किस्सा तर भन्नाट. १८७० च्या सुमारास न्यूझीलंडचे माजी गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांनी ऑकलंडजवळच्या कावाऊ बेटावर हौसेने काही टॅमर आणून सोडले. पुढे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचे टॅमर शिकार, कोल्हे आणि शेतीपायी नामशेष झाले. इकडे कावाऊवर मात्र त्यांनी झाडझाडोरा खाऊन उच्छाद मांडला होता. जनुकीय तपासणीत कळलं की हे त्याच हरवलेल्या वंशाचे! मग २००३ मध्ये काही परत मायदेशी नेले आणि २००४ पासून तिथल्या इन्स राष्ट्रीय उद्यानात टॅमर सोडले. एकीकडे उपद्रवी म्हणून मारायचे, दुसरीकडे तेच जपायचे. ग्रेसाहेबांना काय म्हणावं, कळत नाही.

दुसरं म्हणजे, पिशवीबद्दल लिहिलंत, पण गर्भाशयं दोन असतात हे राहिलंच. स्वॉम्प वॉलबी या जातीची मादी पहिलं पिल्लू जन्माला यायच्या एकदोन दिवस आधीच पुन्हा गाभण राहते, दुसऱ्या गर्भाशयात. तो गर्भ जेमतेम ऐंशीएक पेशींवर थांबून राहतो. पिशवीतलं पिल्लू दूध पिणं कमी करेपर्यंत वाढतच नाही. म्हणजे वयात आल्यापासून बाईसाहेब जवळपास कायमच गाभण! आमच्या गोठ्यातली म्हैस वर्षाआड विते तरी आई तिची काळजी करत असते.

टॅमर समुद्राचं खारं पाणी पिऊनही तगतो, हेही पुढच्या लेखात येऊ द्या.