उन्हात बसून अंग तापत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून ती बाजूला ठेवणे योग्य वाटले नाही. बीच व्हॉलीबॉलच्या सामन्यापूर्वी साधारण वीस मिनिटांचा वॉर्मअप करावा, असे मी लेखात म्हटले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. भर उन्हात अंग आपोआप तापलेलेच असते. वाळू मऊ असल्यामुळे दुखापतीची भीती कमी असते. आणि ज्या खेळात बदली खेळाडूच नसतो, तिथे सामन्याआधी पाय दमवणे शहाणपणाचे नाही. म्हणून पूर्वीप्रमाणे स्नायूंना सावकाश ताण द्यावा आणि खेळायला उतरावे, असे आपण सुचवले आहे.

उन्हात बसल्याने प्रथम तापते ती त्वचा आणि ती थंड ठेवण्यासाठी शरीर रक्ताचा ओघ तिच्याकडे वळवते. ज्या स्नायूंच्या बळावर उडी मारायची, त्यांच्यातली उष्णता मात्र ते स्वतः काम करू लागले की झपाट्याने वाढते. हलक्या हालचालींना सुरुवात केल्यावर पहिल्या तीन ते पाच मिनिटांत स्नायूंचे तापमान भराभर चढते आणि दहा ते वीस मिनिटांत बहुधा स्थिरावते; वीस मिनिटांचा आकडा मी त्यावरूनच घेतला. तापलेला स्नायू अधिक वेगाने आकुंचन पावतो, आणि समोरच्याची सर्व्ह सुटताच पहिले पाऊल टाकण्यात नेमका तोच वेग उपयोगी पडतो. उन्हाच्या बाबतीत आपल्या म्हणण्यात तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. कडक उन्हात संपूर्ण शरीराचे तापमान सामन्याआधीच चढून बसले, तर दुसऱ्या सेटमध्ये त्याची किंमत मोजावी लागते. अशा दिवशी वॉर्मअप सावलीत करावा, बारा मिनिटांत आटोपावा, मानेवर ओला टॉवेल ठेवावा. पण तो गाळू नये.

वाळूविषयीचा आपला मुद्दा अर्धा खरा आहे. उडीनंतर खाली येताना बसणारा हादरा वाळू शोषून घेते आणि गुडघ्यांना त्याचा फायदा होतो. पण जी वाळू खाली येताना दबते, ती वर उडतानाही दबतेच. म्हणून त्याच जोराने मारलेली उडी टणक जमिनीवरच्या उडीपेक्षा कमी उंच जाते आणि ती कसर भरून काढण्याचे काम पोटऱ्या, मांड्या व नितंबांवर येते. नियमानुसार वाळूचा थर किमान 40 सेंटिमीटर असतो, त्यात पाऊल प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या कोनात रुतते आणि घोट्याला दर पावलागणिक तोल सावरावा लागतो. त्यासाठी बूट काढून मैदानाच्या कडेने आडवे, मागे व तिरके चालावे, मग त्याच दिशांना छोटी धाव घ्यावी आणि शेवटी चार-सहा उड्या अशा माराव्यात की पहिली अर्ध्या जोराची आणि शेवटची पूर्ण जोराची असेल. एवढ्याने पाय दमत नाहीत. दमवतात त्या वॉर्मअपच्या नावाखाली मारलेल्या तीस-चाळीस सपाटून उड्या, आणि त्यांना माझाही विरोधच आहे.

शिवाय वाळूची मऊ गादी खांद्याच्या कामाला येत नाही. दोघांच्याच संघात सगळ्या सर्व्ह आणि सगळे हल्ले त्या चार हातांनाच करावे लागतात. त्यात प्रतिस्पर्धी बहुतेक वेळा दोघांपैकी एकाला हेरून सर्व्ह त्याच्याकडेच टाकत राहतात. म्हणजे पास (आलेली सर्व्ह उचलून जोडीदाराकडे देणे) त्यानेच करायचा आणि जोडीदाराने सेट दिल्यावर, म्हणजे चेंडू नेटजवळ उंच उचलून दिल्यावर, स्पाइकही (नेटपलीकडे मारलेला जोरदार फटका) त्यानेच मारायचा. असा खांदा पहिल्या गुणापासून तयार हवा. रबरी पट्टा कोपराच्या उंचीवर बांधून, कोपर बरगडीला टेकवून, हात बाहेरच्या बाजूला सावकाश दहा-बारा वेळा फिरवावा, मग जवळून हलके चेंडू फेकावेत आणि त्यानंतरच जोडीदारासमोर उभे राहून स्पाइक सुरू करावेत. पुष्कळ खेळाडू हा क्रम उलटा करतात आणि थेट नेटवर जाऊन पहिलाच फटका पूर्ण ताकदीने मारतात. पाहणाऱ्यांवर त्याची छाप पडते खरी, खांद्याला मात्र तो महागात पडू शकतो.

सावकाश ताण देण्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर पुष्कळ अभ्यास झालेला आहे. एकाच स्नायूला साठ सेकंदांहून अधिक काळ ताणून धरल्यास लगेचच्या उडीत आणि जोरात थोडी घट होते. तीस सेकंदांच्या आत ती नगण्य असते. तेव्हा सवय असेल तर थोडे जरूर ताणावे, पण त्यालाच वॉर्मअप समजू नये आणि त्यानंतर हालचालींचा भाग अवश्य करावा. दीर्घ ताण सामन्यानंतर द्यावा.

आपण असेही लिहिले आहे की पंच नेटवर वॉर्मअपला वेळ देतातच, तेवढा पुरे. तो वेळ आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तीन मिनिटांचा असतो. संघांना आधी दुसरे मैदान मिळाले नसेल तर पाच. नाणेफेक त्याआधीच झालेली असते, म्हणून सुरुवातीला आपण कोणत्या बाजूला आहोत हे ठाऊक असते. ही तीन मिनिटे अंग तापवण्यात घालवणे म्हणजे मैदान समजून घेण्याची एकमेव संधी घालवणे होय. बीचचा चेंडू इनडोअरच्या चेंडूपेक्षा बराच कमी दाबाने भरलेला असतो (0.175 ते 0.225 किलो प्रति चौरस सेंटिमीटर, इनडोअरला 0.300 ते 0.325), आणि वाऱ्यात तो किती हेलकावतो, सेटचा चेंडू नेटपासून किती आत ठेवावा लागेल, वर पाहताना सूर्य कुठे येतो, हे त्याच वेळात कळायला हवे. पहिल्या दोन सेटमध्ये दर सात गुणांनी बाजू बदलते, म्हणून जमल्यास दोन्ही बाजूंनी एक-दोन सर्व्ह मारून पाहाव्यात.

राहता राहिला आपला शेवटचा आणि सर्वांत व्यावहारिक प्रश्न : आधीचा सामना लांबला तर केलेला वॉर्मअप फुकट जातो, त्याचे काय? स्पर्धेत एकाच मैदानावर पाठोपाठ सामने लागतात. आधीचा सामना सरळ दोन सेटमध्ये संपेल की तिसऱ्यात जाईल हे कोणीच सांगू शकत नाही आणि नुसते बसून राहिल्यास पंधरा-वीस मिनिटांत स्नायू पुष्कळसे निवतात. म्हणून वॉर्मअपचे दोन भाग करावेत. त्या सामन्याचा दुसरा सेट दहा-बारा गुणांवर आला की चालणे, हलकी धाव, घोटे व खांदा हा भाग सुरू करावा आणि उड्या व वेगवान हालचाली हातच्या राखाव्यात. सामना दोन सेटमध्ये संपला तर लगेच उरलेला भाग उरकून नेटवर जाता येते. तिसरा सेट सुरू झाला तर सावलीत जाऊन पाणी प्यावे, कोरडा टी-शर्ट चढवावा, मधूनमधून उठून मिनिटभर पाय हलवत राहावे. तो सेट पंधरा गुणांचाच असल्याने कोणत्याही एका बाजूचे दहा गुण झाले, की राखून ठेवलेल्या उड्या मारायला उठावे.